तीन इंच वाळू

आमच्या बेसमेंटमधल्या समुद्री माशांच्या टाकीत सध्या दीड इंच वाळू आहे. आधी तीन इंच होती. त्या मधल्या दीड इंचापायी दोन मासे गेले, एक गालिचा गेला आणि एका अख्ख्या हिवाळ्याचे रविवार गेले.

टाकी ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटरची. चार फूट लांब, दीड फूट रुंद. २०१९च्या ऑक्टोबरात न्यू जर्सी सोडून टेक्सासला निघालेल्या एका शेजाऱ्याने स्टँडसकट जवळजवळ फुकट दिली. गोड्या पाण्यातले मासे मी कॉलेजात असताना रत्नागिरीला पाळले होते, पण समुद्री टाकी, तीही प्रवाळांची, पहिल्यांदाच. दिवे कुठले, पंप किती ताकदीचे, पाण्यातली घाण फेसाने काढणारा स्किमर कोणता, यावर मी महिनाभर रात्री जागून वाचलं. वाळू मात्र एका संध्याकाळी, भाजी फोडणीला टाकता टाकता ठरवली.

वाळूच्या बाबतीत रीफवाल्यांचे, म्हणजे प्रवाळांच्या टाक्या ठेवणाऱ्यांचे, तीन पंथ आहेत. पहिल्याच्या टाकीत वाळूच नसते, तळाला नुसती काच. घाण बसली की दिसते, दिसली की ओढून काढता येते. दुसरा पंथ इंच-दीड इंच वाळू घालतो, शोभेपुरती आणि वाळूत शिरून झोपणाऱ्या माशांपुरती, आणि ती नेमाने साफ करतो. तिसरा पंथ चार ते सहा इंच बारीक वाळू घालतो आणि मग तिला हात म्हणून लावत नाही. या तिसऱ्यांचा युक्तिवाद मला फार पटला होता. वाळूच्या वरच्या थरात प्राणवायू असतो. तिथले जिवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे तर कुठल्याही टाकीत होतं. पण खोल वाळूत, जिथे प्राणवायू जवळजवळ संपतो, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्याबाहेर निघून जातो. म्हणजे टाकीच्या तळालाच सांडपाण्याचा कारखाना. मोनॅकोत झाँ जोबेर यांनी वाळूखाली पाण्याची एक बंद पोकळी ठेवून हे करून दाखवलं. पुढे अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळीशिवाय, नुसत्या खोल आणि किड्यामुंग्यांनी गजबजलेल्या बारीक वाळूचा पुरस्कार केला.

मी काय केलं? सहा इंच म्हणजे टाकीचा पाव भाग वाळूतच जातो. एक इंच म्हणजे कारखाना नाही. तेव्हा आपल्या मध्यमवर्गीय मनाने तीन इंच ठरवली. दोन-चार इंचांच्या मधली वाळू सगळ्यांत वाईट, असं ठळक अक्षरांत कुठे कुठे लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं.

हिशोब सोपा आहे. माझ्या टाकीच्या तळाला एक इंच थर द्यायचा तर १४ लिटर वाळू लागते, वजनाने वीस किलोंच्या थोडी वर. तीन इंचांना साठ-पासष्ट किलो. चाळीस पौंडांच्या तीन पिशव्या कोरडी आणि वीस पौंडांची एक पिशवी ओली, 'लाइव्ह' म्हणून विकतात ती. लाइव्ह म्हणजे जिवाणूंसकट पाण्यात भरलेली. ती धुवायची नसते, कारण पैसे त्या जिवाणूंचेच दिलेले असतात.

वाळू कसली घ्यायची, यात मात्र मी चूक केली नाही. रीफसाठी अॅरागोनाइट लागते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू. बहामाच्या उथळ समुद्रात कणावर कण, थरावर थर असं कॅल्शियम कार्बोनेट साचून तिचे गोल दाणे होतात. हार्डवेअरच्या दुकानात मुलांच्या खेळासाठी जी वाळू मिळते ती बहुतेक सिलिकाची असते. ओळखायची कशी, तर चमच्यात घेऊन वर व्हिनेगर ओतायचं. बुडबुडे आले की अॅरागोनाइट. एकेकाळी इकडच्या ईशान्येकडच्या राज्यांत 'साउथडाउन' नावाची खेळाची वाळू स्वस्तात मिळायची आणि ती चक्क अॅरागोनाइट असायची. जुने रीफवाले तिच्या आठवणी जुन्या एसटी भाड्यासारख्या काढतात. ती कधीच बंद झाली.

आई नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली, सहा महिन्यांसाठी. गॅरेजमधल्या पिशव्या बघून तिने विचारलं की हे सिमेंट कशाला आणलंय. वाळू आहे आणि तिला पैसे दिलेत, हे कळल्यावर ती खालीच बसली.

"अगो, मला सांगितलं असतंस तर घरासमोरची बांधून आणली असती की. फुकट."

आमचं घर रत्नागिरीजवळच्या काळबादेवीचं. तिथली पुळण काळपट आहे, उन्हात चमकते. ते इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. लोहचुंबक फिरवलं तर त्याला मिशा फुटतात. ती वाळू टाकीत घातली असती तर पंपांच्या चुंबकांनी सगळी ओढून घेतली असती. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "आम्ही त्याच वाळूत जन्म काढला, आम्हाला नाही कुणी ओढलं."

धुण्याचं काम थंडी पडून बाहेरचा नळ बंद करायच्या आधी उरकायचं होतं. मी बादलीत अर्धी वाळू, वरून पाइपचा फवारा, हाताने ढवळणं आणि पाणी ओतून देणं, असं सुरू केलं. पहिलं पाणी ताकासारखं. पाचवं पाणी ताकासारखं. दहाव्याला मी ते सोडून द्यायच्या बेतात होते. आई दारात शाल घेऊन उभी होती. म्हणाली, तांदूळ असे धुतेस का? बादली तिरकी धरून तळ हलवत, वरचं पाणी सतत वाहू द्यायचं, दाणे खाली आणि पीठ वर. तिने पाच मिनिटं करून दाखवलं आणि मग मला जमलं. प्रत्येक बादलीला पंधरा-वीस पाणी लागली. ते सगळं पांढरं पाणी ड्राइव्हवेच्या कडेने नवऱ्याच्या हायड्रेंजियांच्या वाफ्यात गेलं. शेवटचा हात आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्याचा, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि इतर काही मागे राहायला नको.

एवढं धुऊनही टाकीत पाणी चार दिवस गढूळ होतं. लाइव्हची पिशवी न धुता ओतली होती, ती त्याला कारण. आई रोज सकाळी चहा घेऊन खाली यायची, दुधाळ काचेकडे बघायची आणि म्हणायची, "तुरटी फिरव." तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचा क्षार, प्रवाळांना चालत नाही, हे मी तिला चार दिवसांत चार वेळा सांगितलं. पाचव्या दिवशी पाणी आपोआप निवळलं. "बघ, मी रात्री तुरटी फिरवली," ती म्हणाली. माझा चेहरा बघून ती जी हसली, ते अजून आठवतं.

मूळ चूक मात्र त्याआधीच झाली होती, आणि ती तेव्हा दिसत नव्हती. मी आधी वाळू पसरली आणि मग तिच्यावर दगड रचले. ते उलटं हवं होतं. दगड काचेवर, निदान जाळीवर टेकवायचे आणि त्यांच्या भोवतीने वाळू ओतायची. दगड वाळूवर ठेवले की दोन गोष्टी होतात. एक, बिळं करणारा प्राणी खालून पोखरतो आणि दगड खचतो. दोन, दगडाखालच्या वाळूला वरून पाणी लागत नाही. पहिली गोष्ट मार्चमध्ये झाली. मी एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्या जोडीला पिस्तूल कोळंबी आणली होती. हे दोघे एका बिळात राहतात. कोळंबीला धड दिसत नाही, ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू बाहेर ढकलते. मासा दारात बसून पहारा करतो, आणि कोळंबीची एक मिशी कायम त्याच्या अंगाला टेकलेली असते. तो हलला की ती आत. तिचा नांगीचा फटाका वरच्या मजल्यावर ऐकू यायचा. एका रात्री फटाक्याऐवजी धप्प असा आवाज आला. डावीकडचा मोठा दगड काचेवर रेलला होता. काच टिकली. मी दगड तसाच पुन्हा वाळूत बसवला, जरा जास्त दाबून. तोवर लॉकडाउन लागलं होतं, आईचं परतीचं विमान रद्द झालं होतं आणि खचलेल्या दगडापेक्षा मोठ्या काळज्या घरात होत्या.

तशी टाकी एव्हाना छान दिसायला लागली होती. पहिले पाच-सहा आठवडे अमोनिया आणि नायट्राइट वर जाऊन खाली येण्यात गेले. मग वाळूवर डायटमची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाची, तपकिरी भुकटी आली, आली तशी गेली. मग ठिकठिकाणी लाल बुळबुळीत सायनोबॅक्टेरियाचे पट्टे. हे बघवेना म्हणून मी डायमंड गोबी आणला. हा मासा तोंडात वाळू भरून घेतो, त्यातलं खाण्याजोगं गाळतो आणि उरलेली कल्ल्यांतून सोडतो. आठ दिवसांत वाळू दिवाळीच्या अंगणासारखी पांढरीशुभ्र झाली. मी त्याचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले. सोडलेली वाळू तो प्रवाळांच्या डोक्यावर सोडायचा, तेवढंच काय ते. मी दिवसातून दोनदा पिचकारीने प्रवाळ झटकत असे.

आता मागे वळून हिशोब मांडला की हसू येतं. खोल वाळू जिवंत राहते ती तिच्यातल्या बारीक जिवांमुळे: केसाएवढे किडे, टिकलीएवढे ठिसूळ तारामासे, अॅम्फिपॉड, कोपेपॉड असले सूक्ष्म कवचधारी जीव. ते सतत इकडून तिकडे फिरतात, भोकं पाडतात, त्यातून थोडं थोडं पाणी खाली झिरपतं. माझा डायमंड गोबी नेमकं हेच गाळून खात होता. जूनपर्यंत त्याने सगळं संपवलं आणि मग तो स्वतः वाळायला लागला. वरून घातलेलं खाणं त्याला फारसं जमत नव्हतं. पोट आत गेलं, डोक्यामागे खळगा पडला आणि जुलैत तो गेला. पहिला मासा तो.

माझं वागणंही त्याच जातीचं होतं. एखाद्या रविवारी वेळ असला की नळी घेऊन पुढची वाळू ढवळून साफ करायची. पुढचे पाच रविवार वेळ नसला की नाही. मागची आणि दगडांखालची कधीच नाही. खोल वाळूला हात लावायचा नसतो आणि उथळ वाळूला न चुकता लावायचा असतो. मी तीन इंचांच्या वाळूला लहर लागेल तसा लावत होते. काचेला लागून, वाळूच्या कडेला, काळे डाग दिसायला लागले होते. काचेतून उजेड आत शिरून शेवाळ धरतं तसे हिरवट-जांभळे पट्टे सगळ्यांच्याच टाकीत असतात, त्यांत धोका नसतो. त्यामुळे हेही त्यातलंच म्हणून मी बाहेरून काळी चिकटपट्टी लावून टाकली. नवरा म्हणाला, गाडीच्या डॅशबोर्डवरच्या दिव्यावर लोक लावतात तशी.

४ ऑगस्ट २०२० रोजी इसायास वादळ आलं. न्यू जर्सीत दहा लाखांहून जास्त घरं-दुकानांची वीज गेली. आमची दुपारी गेली ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. बेसमेंट थंड असल्याने तापमानाची चिंता नव्हती. चिंता होती प्राणवायूची. कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मुरतो, आणि पंप थांबले की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही. घरात बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप होते, बाजारात एका दुपारीत बॅटऱ्या संपलेल्या. मी मासे मोजून, त्यांच्या श्वासाला एवढं पुरेल असं गणित केलं. श्वास घेणारं सगळ्यांत मोठं जनावर म्हणजे ती पासष्ट किलो वाळू, तिच्यातले अब्जावधी जिवाणू, हे माझ्या गणितात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मेणबत्ती घेऊन खाली गेली आणि तिथूनच हाक मारली. "अगो, ह्या सगळ्या गोगलगायी वर का चढल्यात?"

नॅसेरियस गोगलगायी दिवसभर वाळूत पुरलेल्या असतात. वर दिसते ती फक्त सोंड. खाण्याचा वास आला की वाळू फोडून बाहेर येतात आणि खाणं संपलं की परत आत. त्या दहाच्या दहा काचेवर, पाण्याच्या रेषेपाशी, रांगेत बसल्या होत्या. वाळूत श्वास घेता येत नव्हता म्हणून. मग आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. तांब्याने पाणी घ्यायचं, हातभर उंचावरून परत टाकीत ओतायचं. आई चहा निववते तसा. मुलगा दर शंभर तांब्यांना खडूने भिंतीवर रेघ मारायचा. दुसऱ्या रात्रीपर्यंत रेघा भिंतीच्या कोपऱ्याला वळल्या.

वीज आली. सगळे मासे जिवंत होते. मी स्वतःवर फार खूश होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडच्या त्याच दगडाला हात घातला. त्याच्या पायथ्याशी झेनिया नावाचं मऊ प्रवाळ सडलं होतं, ते काढायचं होतं. दगड वाळूत घट्ट बसला होता. हलवला, मग उपटला.

खालून आधी एक मोठा बुडबुडा आला. मग शाई सांडावी तसा काळा ढग. मग वास. कुजलेल्या अंड्यांचा म्हणतात, पण अंडं नाकाला लागतं, हा घशाला लागला. बेसमेंटच्या जिन्यावरून आईचा आवाज आला, अगदी शांत: "खाजणात कोण उतरलंय?"

तिला लांबून कळलं होतं. काळबादेवीच्या खाडीकाठी तिवरांच्या मुळांत चिखल वरून राखाडी असतो आणि पाय ढोपरभर रुतला की खालून काळा. ओहोटीला तिथून वाट काढणाऱ्या प्रत्येकाला हा वास ओळखीचा असतो. रसायनही तेच. प्राणवायू संपला, नायट्रेटही संपलं, की समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग. जिथल्या तिथे असेपर्यंत त्याचं काही नाही. वर सरकता सरकता त्याला प्राणवायू भेटतो आणि तो निरुपद्रवी होतो. एका झटक्यात पाण्यात मोकळा केला तर विष.

वॉचमन गोबीचं बीळ त्याच दगडाखाली होतं. तो दहा मिनिटांत वाळूवर आडवा झाला. क्लाउनफिश वर येऊन तोंडं उघडत होते. माझ्याकडे पिंपात वीस गॅलन खारं पाणी कालवून ठेवलेलं होतं, एवढं एक शहाणपण केलेलं. ते सगळं बदललं, पाण्यातलं विष शोषायला दोन पिशव्या कार्बन टाकला, हवेचे बुडबुडे सोडणारे दगड चारी कोपऱ्यांत सोडले. दुपारपर्यंत क्लाउनफिश खाली उतरले. गोबी गेला. रात्री एकटीचाच फटाका ऐकू आला, कोळंबी कुठल्यातरी दुसऱ्या दगडाखाली वाचली होती.

आई मला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "खाजणात वाट पाडायची तर रोजची, नाही तर पाडूच नये. रोजची पायवाट चालते. एकदाच कुणी कुदळ घेऊन गेला की वास सुटतो." सप्टेंबरात ती कोविडमधल्या वंदे भारत मोहिमेच्या विमानाने परत गेली, सहाऐवजी अकरा महिने राहून.

वाळू काढायची हे ठरलं होतं. कशी, हा प्रश्न होता. सगळी एकदम उपसली तर ऑगस्टचीच पुनरावृत्ती. मी काचेवर बाहेरून मार्करने चार चार इंचांच्या बारा पट्ट्या आखल्या. दर रविवारी एक पट्टी. पाऊण इंचाची नळी वाळूत उभी खुपसायची, थेट काचेपर्यंत, आणि ढवळण न करता वाळू-पाणी दोन्ही बादलीत ओढून घ्यायचं. जेवढं पाणी जाईल, साधारण आठ गॅलन, तेवढं नवं. नळी चालू असताना पुढे-मागे हलवायची नाही, शेवया पाडतो तशी सरळ खाली न्यायची. सोमवारी सकाळी अमोनिया मोजायचा; शून्य नसला तर पुढचा रविवार सुट्टी. तशा दोन सुट्ट्या झाल्या. पाचव्या पट्टीला मुलाच्या हातून नळीचं बादलीतलं टोक निसटलं आणि काळं पाणी थेट गालिच्यावर. तो गालिचा आम्ही तीन वेळा धुतला आणि मग रस्त्याच्या कडेला ठेवला. दगडांखालची वाळू शेवटी काढली, मासे आणि प्रवाळ एका दिवसासाठी प्लास्टिकच्या टबांत हलवून. ऑक्टोबरात सुरू केलेलं काम फेब्रुवारीत संपलं.

आठवडाभर तळ नुसता ठेवला. कामाला सोपा, पण दिसायला ऑफिससारखा. आणि मला हॅलिकोरेस जातीचा पिवळा रॅस मासा हवा होता, तो रात्री वाळूत शिरून झोपतो. मार्च २०२१मध्ये दुसरी वाळू घातली. दीड इंच, तीस-एक किलो, दाणे एक ते दोन मिलिमीटरचे, पहिल्यापेक्षा जाड. जाड दाण्यांत घाण जास्त अडकते हे खरं, पण पंपाच्या झोताने ती उडत नाही आणि नळीतून ओढताना निसटत नाही. या वेळी दगड आधी, तेही पीव्हीसी पाइपच्या दोन-दोन इंची पायांवर, म्हणजे त्यांच्या खालूनही पाणी वाहतं. वाळू एका रुंद पाइपमधून हळूहळू खाली सोडली, पाणी दुसऱ्या दिवशी स्वच्छ.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. सल्फाइडची धास्ती इतकी बसली होती की आठवड्यातून दोनदा सगळी वाळू साफ, स्किमर जोरात, माशांना खाणं चिमूटभर. जूनमध्ये नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी आकडे अभिमानाने वहीत लिहिले. जुलैत वाळूवर तपकिरी थर आला. डायटम समजून सोडून दिला. तो दिवसा दाट व्हायचा, रात्री फिकट. साफ केला की संध्याकाळी परत. मुलाच्या खेळातल्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवला तर बदामाच्या आकाराचे जीव गिरक्या घेत होते: डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव, त्यातही अॅम्फिडिनियम. हे वाळूतच राहतात, रात्री पाण्यात तरंगायला फारसे येत नाहीत, त्यामुळे अतिनील दिव्याचा त्यांच्यावर उपयोग होत नाही. टाकीत खायला काही उरलं नाही की बाकीचे सगळे उपाशी मरतात आणि मोकळं अंगण यांना मिळतं. उपाय ऐकून नवऱ्याला मी चेष्टा करतेय असं वाटलं: साफसफाई बंद, मुद्दाम नायट्रेट आणि फॉस्फेट घालायचं, आणि डायटम वाढावेत म्हणून थोडं सिलिकेटसुद्धा. ज्या तपकिरी भुकटीने मागच्या वर्षी मी वैतागले होते, तिचीच मी आता वाट बघत होते. अडीच महिने लागले. तेव्हापासून नायट्रेट पाच ते दहाच्या मध्ये आणि फॉस्फेट ०.०५च्या वर ठेवते, शून्य आला की घाबरते.

आताचा क्रम असा. तळाचे मनात चार भाग केलेत. दर रविवारी पाणी बदलताना एकच भाग, पूर्ण खोलीपर्यंत. रुंद नळी वाळूत खुपसते, दाणे नळीत वर चढू लागले की दुसऱ्या हाताने पाइप चिमटीत दाबते, दाणे खाली बसतात, चिमूट सोडते, घाण निघून जाते. एका भागाला दहा मिनिटं. दगडांखाली पिचकारीने फुंकर. पंपांची तोंडं वर केलीत, नाहीतर एका कोपऱ्यात टेकडी आणि दुसऱ्यात काच. एकदा क्षारता वाढवायचं द्रावण घाईत, वाळूच्या जवळ ओतलं आणि तिथे तळहाताएवढी वाळू सिमेंटसारखी जमली. ती ढेप फोडून काढावी लागली. आता थेंबाथेंबाने, पंपाच्या झोतात.

नोकरवर्गात दहा नॅसेरियस (तेच जुने), आठ सेरिथ गोगलगायी आणि एक फायटिंग काँच नावाची शंखाची गोगलगाय, जी सोंडेने वाळू चाटत दिवसभर फिरते आणि उलटी झाली तर एका लाथेत सुलटी होते. वाळू चाळणारा तारामासा घेऊ नका, एवढ्या टाकीत तो उपाशी मरतो. सागरी काकडी इकडे सर्रास सुचवतात. पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात म्हणून सांगते: भारतात सागरी काकड्या, समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ २००१मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले, वाघाच्या पंक्तीला. कुणी दुकानदार काउंटरखालून काढून देत असला तरी घेऊ नका.

राहिली ती काढलेली पासष्ट किलो वाळू. गॅरेजमागे बादल्यांत ती पावसाने, बर्फाने धुतली गेली. वास गेला, काळेपणा गेला, वर्षभराने चव घेऊन बघितली तर मीठही गेलं होतं. टाकवेना. एका शनिवारी नवरा बाहेर असताना मी ती हायड्रेंजियांच्या वाफ्यात मुरवून टाकली. अॅरागोनाइट म्हणजे चुन्याचीच जात, मातीचा आंबटपणा कमी करते. दोन उन्हाळ्यांनी त्याची निळी फुलं गुलाबी यायला लागली. तो दरवर्षी नर्सरीतून काहीतरी पूड आणून घालतो, पाण्याचा पीएच मोजतो, माझीच पट्टी मागून घेतो.